मंगळवारचं पान

१

वेंडेल ऑस्टर मेला होता, पण त्याचा स्कॅनर अजून बोलत होता.

स्वयंपाकघराच्या फळीवरच्या त्या पेटीचे आठ लाल दिवे एकामागून एक पळत होते. मधेच एखादा दिवा थांबे आणि पेटी खरखरत सांगे, की पुलाजवळ कुणाची गाडी घसरली आहे, किंवा शिकारीला गेलेला कुणी रानात वाट चुकला आहे. खाली वेंडेल पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू चेपून आत गेली होती. उजव्या हाताची तीन बोटं उलटी वळली होती; पहिला घाव त्याने हातावर झेलला असणार. शेगडी विझून फार वेळ झाला होता आणि फरशीवरचं रक्त काळं पडून गोठलं होतं.

राज्य पोलिसांची ट्रूपर लोरेटा झेलिंका त्याच्याजवळ उकिडवी बसली. वय एकोणतीस, खाणीत काम करणाऱ्याची मुलगी, आणि मार्लो फोर्जच्या ठाण्यातली एकुलती एक बाई. १९७७ सालच्या नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार होता तो, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद होत्या, कारखाने ओस होते, आणि सगळ्या डोंगरांतून बंदुकांचे बार ऐकू येत होते.

"शनिवारपासून त्याच्या धुराड्यातून धूर दिसला नव्हता मला," दारात उभी असलेली बर्नी सोप्को म्हणाली. शेजारची सत्तरीची विधवा, सारं गाव तिला बर्नीमावशी म्हणे. अक्रोडाचा रोल घेऊन ती सकाळी आली होती. ताट अजून तिच्या हातातच होतं. "मला वाटलं, पोरीकडे गेला असेल. दोन दिवस मी इथून वीस पावलांवर झोपत होते, लोरेटा."

घरातून काही गेलं नव्हतं. बंदूक खुंटीला होती, चांदीचं घड्याळ खिडकीत होतं. विस्कटलेल्या होत्या फक्त वह्या. वेंडेल रेल्वेतून निवृत्त झाला तेव्हापासून पोलिसांच्या रेडिओवर जे जे ऐकू येई ते वेळेसकट शाळेच्या वह्यांत उतरवून ठेवी. पोलिसांचं बोलणं ऐकायची ही पेटी खोऱ्यातल्या निम्म्या घरांत होती, पण लिहून ठेवणारा हा एकटाच. गाव त्याला हसे. तोही हसे आणि लिही.

शेवटची वही टेबलावर उघडी होती. सोमवार, एकवीस तारीख. त्यापुढे बुधवार, तेवीस. मधलं पान मुळापासून फाडलेलं होतं आणि फाटक्या कडेवर अंगठ्याएवढा रक्ताचा डाग होता. म्हणजे आधी माणूस मारला, मग पान फाडलं.

मंगळवारचं पान.

साऱ्या वर्षात एका दिवसाबद्दल कुणी आपल्याला विचारू नये असं लोरेटाला वाटत होतं, आणि तो दिवस हाच होता.

२

ऑगस्टपासून त्या खोऱ्यात एक माणूस एकट्यादुकट्या शेतघरांत शिरत होता. भरदिवसा. तोंडावर शिकाऱ्यांचा लाल लोकरी मुखवटा, हातात लोखंडी पहार. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मरेस्तोवर झोडपायचं, बंदुका आणि दागिने उचलायचे आणि पोलीस पोचायच्या पाच मिनिटं आधी नाहीसं व्हायचं. चार घरं झाली होती. एका आजींचा डोळा गेला होता. त्यांनीच सांगितलं होतं, "त्याच्या कानात वायर होती हो. बहिऱ्याच्या असते तशी."

मंगळवारी पाचवं घर झालं. डोंगराच्या कुशीतल्या हेमलॉक घळीत अ‍ॅमॉस आणि आयडा हॉकनबेरी राहत. लोरेटा नेहमीच्या फेरीवर होती; घळीत वळताना तिने सवयीने माइकवर आपल्या गाडीचा आकडा, चौऱ्याहत्तर, सांगितला होता. पावणेबाराला तिला त्यांचं दार बर्फाळ वाऱ्यात उघडं आपटताना दिसलं.

आत अ‍ॅमॉस दाराशी पडला होता, जबडा फुटून एका बाजूला गेलेला. तिने हातमोजा न काढताच त्याच्या मानेवर बोटं टेकवली. काही लागलं नाही. चुलीजवळ आयडा कण्हत होती. फोनची तार कापलेली. लोरेटा बाहेर गाडीकडे धावली आणि माइक तोंडाशी धरून ओरडली, "चौऱ्याहत्तर बोलतेय. हॉकनबेरींच्या शेतावर आहे. म्हातारा गेलाय, बाई जिवंत आहे. मदत पाठवा."

उत्तर आलं नाही. तीनदा सांगितलं, तीनदा नुसती खरखर. त्या घळीतून बाल्ड रिजवरच्या रेडिओच्या मनोऱ्यापर्यंत आवाज पोचत नाही, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तरी ती पाच मिनिटं त्या माइकशी झटत बसली.

परत आत आली तेव्हा अ‍ॅमॉसची छाती हलत होती. आयडाची थांबली होती.

अ‍ॅमॉस धिप्पाड माणूस. घोंगडीवर घालून, फरफटत त्याला गाडीत घालायला तिला अर्धा तास लागला. तीन मैलांवरच्या शेतावरून तिने ठाण्याला फोन केला तेव्हा बारा चाळीस झाले होते. अहवालात तिने लिहिलं, "रेडिओ लागला नाही." आपण रेडिओवर काय बोललो ते लिहिलं नाही. कुणी ऐकलंच नव्हतं, तर लिहायचं कशाला? पण रोज जेवताना घास तोंडाशी नेला की तिला त्या चुलीपाशी एकटी मरत असलेली आयडा दिसे.

"वेंडेल रोज सकाळी तीन जणांबरोबर कॉफी प्यायचा," सार्जंट मॅक्गिल आपल्या टेबलावरून म्हणाला. "बर्नी म्हातारी सोडली तर त्याच्या घरात मागच्या दाराने शिरणारे तेवढेच. हार्लन टीग, डेल पर्सिंग आणि क्लाइड रेनिंजर. स्कॅनरवेडे सगळे. आणि माझं म्हणशील तर हार्लन. कानात यंत्र आहे, ट्रकमध्ये पहार आहे, डोकं कायम तापलेलं. आणखी काय हवंय तुला झेलिंका, त्याचा फोटो?"

"मग मंगळवारचं पान कशाला नेलं त्यानं?"

"ते त्याला विचार. मी निघालो, शिकाऱ्यांनी एकमेकांना गोळ्या घालायला सुरुवात केलीय."

३

ती आधी बर्नीमावशीकडे गेली. मावशीने कॉफी ओतली आणि तिच्या नकळत तिच्यापुढे कोबी-शेवयांची बशीही सरकवली.

"मावशी, मंगळवारी तुमची पेटी चालू होती?"

"माझी कधी बंद असते? नवरा गेल्यापासून घरात तेवढंच एक माणूस बोलतं."

"काय ऐकलंत?"

"अगं, आपल्याला ऐकू येतं ते अर्धंच. तुमच्या ठाण्यातला बोलतो तेवढं. गाडीतली माणसं काय म्हणतात ते डोंगराआड राहतं. तो म्हणतो, 'बरं, दोन की तीन?' आणि आपण ओळखायचं, की कुठे तरी गायी रस्त्यावर आल्या असतील." मावशी थांबली. "मंगळवारी तुला हाका मारत होता बिचारा. 'चौऱ्याहत्तर, कुठे आहेस? चौऱ्याहत्तर, उत्तर दे.' बारा वाजून गेले तरी तेच. मी जपमाळ काढली होती, खोटं नाही सांगत. मग पाऊण वाजायच्या सुमारास डेलला गाडी घेऊन जायला सांगितलं."

"त्याआधी आयडाबद्दल, अ‍ॅमॉसबद्दल काही?"

"अक्षर नाही. वेंडेलनंही दुसरं काय लिहिलं असणार? त्याची आणि माझी पेटी एकाच दुकानातली, एकासारखी एक."

मग जे पान फाडून नेण्यासाठी माणूस मारला गेला, त्या पानावर काहीच नव्हतं. लोरेटाने शेवया तशाच ठेवल्या.

डेल पर्सिंग गावातला मर्तिकाचा धंदा करणारा. त्याची लांबलचक काळी गाडी आजाऱ्याला दवाखान्यात नेई आणि मेलेल्याला कबरस्तानात. उंच, फिकट, हळू बोलणारा माणूस. एका शवपेटीच्या कड्या घासत तो म्हणाला, "लोक म्हणतात, अपघातापाशी डेल सगळ्यांच्या आधी कसा पोचतो? अहो ट्रूपर, पोटासाठी ऐकतो मी. हार्लन मोडक्या गाड्या ओढायला ऐकतो, मी मोडकी माणसं."

"मंगळवारी?"

"मंगळवारी मीच मोडलो होतो. दहा वाजता चर्चच्या उतारावर गाडी घसरून ओढ्यात गेली. हार्लन ट्रक घेऊन आला आणि बाराच्या ठोक्याला ती वर निघाली. दोन तास शिव्या देत होता मला. पाद्री खिडकीतून ऐकत होते. तुमचा निरोप आला तेव्हा मी नुकता घरी येऊन पायमोजे बदलत होतो."

"कोण गेलं ते सांगितलं होतं निरोपात?"

"नाही. 'एक मृत, एक गंभीर,' एवढंच. आयडाचा चेहरा मी चादर उचलली तेव्हा पाहिला. माझ्या आईच्या वर्गातली होती हो ती."

क्लाइड रेनिंजरचं रेडिओचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं. खोऱ्यातली प्रत्येक पेटी त्याच्या हातची. प्रत्येक आवाजासाठी, ठाण्याच्या वेगळं, गाड्यांच्या वेगळं, पेटीत एक छोटं क्रिस्टल बसवावं लागे आणि कुणाच्या पेटीत कोणतं क्रिस्टल आहे ते क्लाइडला तोंडपाठ होतं. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा, लाघवी माणूस. लोरेटाच्या वडिलांना खाणीतल्या धुळीने दम लागला, तेव्हा त्यांच्या खाटेशी याने फुकट रेडिओ बसवून दिला होता.

"वेंडेलसारखा माणूस," तो डोळे पुसत म्हणाला. "कुणाचं काय वाकडं केलं होतं त्यानं, पोरी?"

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात, क्लाइड?"

"इथेच. मी कुठे जाणार? दुपारी साडेबाराला जेवायला बंद करतो तेवढंच." तो जरा घुटमळला. "बोलू नये, पण शनिवारी सकाळी कॉफी पिताना हार्लन आणि वेंडेल यांची काही तरी बाचाबाची झाली. मी उशिरा पोचलो, कशावरून ते माहीत नाही. हार्लन लाल झाला होता. तू जपून राहा."

४

जिल्ह्याच्या दवाखान्यात अ‍ॅमॉस हॉकनबेरी उशांना टेकून बसला होता. जबड्याला तारा बांधल्या होत्या, डोळ्यांखाली वांग्यासारखे निळे डाग. दात न उघडता तो बोले आणि प्रत्येक शब्दाला त्याच्या कपाळावर घाम येई. लोरेटाला पाहून त्याने बसायची खूण केली. त्याच्याकडे नीट बघणं तिला जमेना.

"पहार," तो म्हणाला. "आयडानं दार उघडलं. मला वाटलं, वाट चुकलेला शिकारी. तिला आधी मारलं त्यानं. बाईला आधी."

"बोलला काही?"

"नाही. एकदा थांबला. कानाला हात लावला, ऐकलं, आणि मागच्या दारानं पळाला. रानाकडे. मग तुझी गाडी आली."

लोरेटा मान खाली घालून लिहीत होती. ती पोचली तेव्हा तो माणूस फार लांब गेलेला नव्हता.

अ‍ॅमॉसच्या घशातून एक आवाज आला. तो हसत होता, हे तिला जरा वेळाने कळलं. त्याने उशीखालून एक कार्ड काढलं. "हे बघ. स्वतःच्या मरणाचं सांत्वन वाचायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं."

काळ्या कडेचं कार्ड. फुलवालीच्या दुकानातून पुष्पचक्राबरोबर आलेलं. "आयडा यांस. अ‍ॅमॉससारखा भला माणूस गेला, फार वाईट झालं. तुम्ही लवकर बऱ्या व्हा. हार्लन टीग." मागे फुलवालीची चिठ्ठी टाचलेली होती. मागणी मंगळवारची. जिल्ह्याकडे जाणारी गाडी साडेबाराला सुटते, म्हणून ती प्रत्येक मागणीवर वेळ टाके. बारा पंचवीस.

"अर्धवट हार्लन," अ‍ॅमॉस म्हणाला. "उलटंच ऐकलं बहिऱ्यानं."

लोरेटाने कार्ड उलटून पुन्हा वाचलं. म्हातारा गेलाय, बाई जिवंत आहे. हे वाक्य साऱ्या जगात एकदाच बोललं गेलं होतं. ते मनोऱ्याने ऐकलं नव्हतं, ठाण्याने ऐकलं नव्हतं. डोंगराच्या माथ्यावरच्या मनोऱ्याला जे पोचलं नाही, ते आठ मैलांवरच्या गावातल्या पेटीला कुठून पोचणार? ते ऐकू येईल अशी एकच जागा होती: ती घळ. तिच्या गाडीपासून पन्नास-शंभर पावलांवर, हेमलॉकच्या झाडांत, कानात वायर घालून तो उभा होता. ती माइकमध्ये ओरडत होती आणि तो तिचा शब्दन् शब्द ऐकत होता.

५

हार्लन टीग आपल्या गॅरेजात एका ट्रकखाली झोपला होता. लोरेटाने पिस्तूल काढलं आणि त्याच्या बुटाला लाथ मारली.

"बाहेर या. हात दिसू देत."

तो सरपटत बाहेर आला, पिस्तूल पाहिलं, आणि कानातलं यंत्र चाचपत म्हणाला, "मोठ्यानं बोल. बॅटरी मेलीय. आणि गोळी घालणार असशील तर आधी गाडी खाली उतरवू दे, गिऱ्हाइकाची आहे."

"अ‍ॅमॉस मेला असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"झालं. आता पोलीस पण." त्याची मान लाल झाली. "एक पुष्पचक्र चुकलं तर सारं गाव आठवडाभर दात काढतंय. मी काय स्वतः जाऊन नाडी बघितली होती?"

"कुणी सांगितलं, हार्लन?"

"क्लाइडनं. डेलची ती तिरडीगाडी वर काढली आणि बॅटरी घ्यायला त्याच्या दुकानात गेलो. सव्वाबारा झाले असतील. दुकान उघडंच होतं पण तो मागून आला, धापा टाकत, बूट ओले. म्हणाला, 'हार्लन, आत्ताच पेटीवर ऐकलं. हॉकनबेरींकडे घात झालाय. अ‍ॅमॉस गेला, आयडा आहे.' मी तसाच फुलवालीकडे. आयडानं माझ्या आईला शेवटचे दोन महिने भरवलं होतं, कळलं? मला हसतायत."

"शनिवारी वेंडेलशी भांडण कशावरून?"

"भांडण कसलं? तोही हसला पुष्पचक्रावरून, मी ओरडलो. मग तो एकदम गप्प झाला. म्हणाला, 'किती वाजता सांगितलं क्लाइडनं?' म्हटलं, सव्वाबारा. तर म्हणतो, 'वहीत बघतो. माझ्याकडे तर तेव्हा नुसत्या हाकाच आहेत.' क्लाइड तेवढ्यात आत आला, तर त्यालाच विचारायला लागला. क्लाइड म्हणाला, दुपारी येतो घरी, बघू तुझी वही." हार्लन बोलता बोलता थांबला. त्याचे तेलकट हात हळूहळू खाली आले. "दुपारी येतो म्हणाला."

लोरेटाने पिस्तूल म्यानात घातलं. पावणेबाराला हा माणूस ओढ्याकाठी डेलला शिव्या देत होता. साक्षीला प्रत्यक्ष पाद्री होते.

पान का फाडलं, ते आता तिला दिसत होतं. क्लाइडला पकडून देणारं त्यावर काही लिहिलेलं होतं असं नव्हे. त्यावर काही नव्हतं, हीच त्याची अडचण होती. बारापासून पाऊणपर्यंत रेडिओवर कुणी मेल्याचा शब्द नाही, हे लिहून ठेवणारा माणूस आणि ते लिहिलेलं पान, दोन्ही त्याने मिटवलं. आपण दुकानातच पेटी ऐकत बसलो होतो हे दाखवायला तो जे घाईघाईने बोलून गेला, तेच त्याच्या गळ्याशी आलं होतं.

"ठाण्याला फोन करा," ती हार्लनला म्हणाली. "सांगा, मी रेनिंजरच्या दुकानात आहे, माणसं पाठवा. मी तो मागच्या दारानं निसटू नये म्हणून जातेय."

६

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. क्लाइड काउंटरमागे एक पेटी उघडून बसला होता. भिंतीवरच्या फळीवर दुकानाचा मोठा स्कॅनर धीम्या आवाजात चालू होता.

"सापडलं काही?" त्याने विचारलं.

"मंगळवारी तुम्ही हार्लनला काय सांगितलंत, क्लाइड?"

त्याने चष्मा काढून पुसला. "आयडा गेली म्हणून सांगितलं. तो बहिरा, त्यानं उलटं ऐकलं. सारं गाव हसलं की."

"असेल. बहिरा माणूस उलटं ऐकेल."

"मग?"

"मग सुलट काय होतं ते तुम्हाला सव्वाबाराला कसं कळलं? मी फोन केला बारा चाळीसला. त्याआधी तिथे कुणी मेलंय हे जगात दोघांनाच माहीत होतं. मला, आणि ज्यानं मारलं त्याला. हार्लननं उलटं ऐकलेलं असो नाही तर सुलट. फुलवालीच्या चिठ्ठीवर बारा पंचवीस आहे."

क्लाइड हसला, पण फक्त ओठांनी. "तू रेडिओवर बोललीस ना. माझ्याकडे गाड्यांचंही क्रिस्टल आहे. छपरावर उंच अँटेना आहे."

"मी रेडिओवर बोलले हे तुम्हाला कुणी सांगितलं? अहवालात मी एवढंच लिहिलंय, की रेडिओ लागला नाही."

त्याच क्षणी भिंतीवरची पेटी खरखरली आणि ठाण्याचा आवाज दुकानभर घुमला. "सर्व गाड्यांना. रेनिंजरच्या दुकानाकडे जा. चौऱ्याहत्तरला मदत हवी आहे. संशयित क्लाइड रेनिंजर."

दोघांनीही ते ऐकलं.

पहार काउंटरखालीच होती. लोरेटाने ती वर येताना पाहिली आणि डोकं बाजूला घेतलं. घाव खांद्यावर बसला आणि तिचं गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलं. ती फळीवर आदळली, पेट्या अंगावर कोसळल्या. क्लाइड काउंटरवरून उडी मारून आला. त्या गोल, लाघवी चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती, आणि तेच तिला भयंकर वाटलं. दुसरा घाव तिच्या कानाशेजारी लाकडात घुसला. तिसरा उगारत तो म्हणाला, "तुझ्या बापाला मी रेडिओ दिला होता गं."

तिने डाव्या हाताने पिस्तूल ओढलं आणि दोनदा झाडलं. पहिली गोळी छतात गेली. दुसरी त्याच्या मांडीत.

बाहेर रस्त्यावर कुणी मान वळवली नाही. डोंगरात सकाळपासून तेच आवाज होत होते.

क्लाइड पेट्यांच्या ढिगात बसला आणि पायातून उसळणाऱ्या रक्ताकडे पाहत राहिला. लोरेटाने पहार लांब सारली. हातमोजा दातांनी ओढून काढला, आपला पट्टा त्याच्या मांडीभोवती गुंडाळला आणि गुडघ्याने दाबून आवळला. मग उघड्या बोटांनी त्याच्या मानेवरची नाडी धरून बसली. ती जोरात चालू होती. डेलची काळी गाडी येईपर्यंत तिने बोटं काढली नाहीत.

दुकानाच्या तळघरात चारही घरांतल्या बंदुका सापडल्या, दागिन्यांचे डबे सापडले, आणि खिशात मावेल एवढा एक स्कॅनर, कानाच्या वायरसकट.

७

खटल्यात तिला सगळं सांगावं लागणार होतं. सार्जंट मॅक्गिल तिचं ऐकून घेऊन म्हणाला, "माझ्या टेबलापर्यंत आलं नाही तर मला माहीत नाही, झेलिंका." पण मग क्लाइड सुटला असता. तिने नवा अहवाल डाव्या हाताने लिहिला, वाकड्यातिकड्या अक्षरांत. नाडी चुकली. रेडिओवर चुकीचं सांगितलं. पाच मिनिटं बाहेर होते.

टेबलावर ठेवला आणि ती दवाखान्यात गेली. हे अ‍ॅमॉसने वर्तमानपत्रात वाचावं, असं तिला नको होतं.

तो खिडकीशी बसला होता. तिचा गळ्यात बांधलेला हात त्याने पाहिला आणि शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी आले तेव्हा आयडा जिवंत होत्या. तुम्ही गेलात असं मला वाटलं. आणि मी रेडिओसाठी बाहेर गेले. मला माहीत होतं तिथून लागत नाही. तरी बाहेरच होते. परत आले तोवर त्या गेल्या होत्या. मी आत थांबले असते तर..."



अ‍ॅमॉस खिडकीबाहेर पाहू लागला. खाली अंगणात कुणी तरी गाडीच्या टपावर मारलेलं हरीण बांधत होतं.

"मी ऐकत होतो," तो शेवटी म्हणाला. तारांमधून शब्द एकेक करून येत होते. "हलता येत नव्हतं. ऐकू येत होतं. तू आलीस, माझ्या मानेला हात लावलास, तिच्याकडे गेलीस. मग ती थांबली. त्यानंतर तू बाहेर गेलीस. दार वाजलं ते नंतर."

लोरेटाने त्याच्याकडे पाहिलं. दारातून बाहेर पडताना तिने ते कण्हणं ऐकलं होतं. अंगणात, गाडीपर्यंत, तिच्या कानात ते होतं.

"आधी ती गेली," अ‍ॅमॉस म्हणाला. "मग तू."

गेले आठ दिवस ती माणसांच्या बोलण्यातलं खोटं शोधत फिरली होती. इतकं सरळ, इतकं सावकाश सांगितलेलं तिने ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला.